‘पण मी पोरगीच आहे ना?’

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील काढून):

मी ३६ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढले. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शाळा सुटली की मी दुकानात. कॉइल भरायला मी सातवीत शिकले. वडील गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, ‘ही मुलगी नाही, मुलगाच आहे माझा.’ नटणं, रांगोळ्या, हळदीकुंकू यात मी कधी रमले नाही. मेकॅनिकलला वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. आज चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. वडील चार वर्षांपूर्वी गेले, आई आता आमच्याकडे असते.

माझी मुलगी ८ वर्षांची आहे. तिला बांगड्या, टिकल्या, गजरे आणि नाच यांचं वेड. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला कोळीनृत्यात घेतलं. मी म्हटलं, त्यापेक्षा रोबोटिक्सच्या प्रदर्शनात भाग घे. ती रडायला लागली आणि माझ्या तोंडून गेलं, ‘पोरीसारखी मुळूमुळू रडू नकोस.’ ती म्हणाली, ‘पण मी पोरगीच आहे ना?’ त्या दिवसापासून मी घरी आले की ती हातातल्या बांगड्या काढून ठेवते.

दुसरी गोष्ट ऑफिसातली. आमच्याकडे एक ट्रेनी मुलगी आली आहे. रोज ड्रेसवर मॅचिंग बांगड्या, कानातले, लाडिक बोलणं. काम चोख आहे. तरी अप्रेझलमध्ये मी ‘गांभीर्य कमी’ असं लिहिलं. एचआरने उदाहरण मागितलं, मला एकही देता आलं नाही.

नणंद म्हणते, ‘वहिनी, तुझ्या मनात बायकांबद्दलच अढी आहे.’ मी स्वतः बाई आहे, मुलीला शिकवतेय, मला ती असं कसं म्हणू शकते? बाहेरचं जग नटव्या बायकांना मोजत नाही, हे मी रोज बघते. त्या जगासाठी मुलीला तयार करणं चूक आहे का?

*

प्रिय मैत्रीण,

एचआरने उदाहरण मागितलं आणि तुम्हाला एकही देता आलं नाही, हे तुम्ही गाळलं असतंत तरी मला कळलं नसतं. ते लिहिलंत, म्हणून मलाही मोकळेपणाने उत्तर देता येतंय.

नणंदेचं बोलणं लागलं असणार. पण ‘मी स्वतः बाई असून मला बायकांबद्दल अढी कशी असेल’ या तुमच्या प्रश्नापाशी जरा थांबू या. आपण सगळ्या कुठली भाषा ऐकत मोठ्या झालो? ‘हातात बांगड्या भरल्यात का?’ ‘बायकांसारखं रडतोस काय?’ ‘बायल्या.’ ‘बायकांच्या पोटात काही राहत नाही.’ ‘चार बायका जमल्या की झालंच.’ हे बोलणं घरात, एसटीत, वर्गात, लग्नाच्या मांडवात सुरूच असतं आणि ते ऐकत मुलगे वाढतात तशाच मुलीही वाढतात. आता कौतुकाचे शब्द बघा. ‘पुरुषासारखी कर्तबगार.’ ‘घरातला कर्ता पुरुष तीच.’ पुरुषाचा अपमान करायचा तर त्याला बाई म्हणायचं आणि बाईचा मान वाढवायचा तर तिला पुरुष म्हणायचं. हे ज्या मुलीच्या कानावर रोज पडतं, तिला वर जायचं असेल तर ती काय शिकेल? आपण त्यातल्या नाही, हे दाखवायला शिकेल. ‘मी इतर बायकांसारखी नाही’ असं अभिमानाने म्हणणाऱ्या कितीतरी हुशार मुली मला भेटल्या आहेत. विशीत मीही म्हणायचे.

तुमच्या वडिलांबद्दल मला एक शब्दही वावगा बोलायचा नाही. गावातल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, सातवीतल्या मुलीच्या हातात तांब्याची तार देणं ही साधी गोष्ट नव्हती. तुमच्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली, कारण घरच्यांनी त्यांचं नाव नकुशा ठेवलं होतं. मुलगी नको होती, म्हणून नकुशा. अशा मुलखात तुमच्या वडिलांना आपल्या मुलीचा अभिमान चारचौघांत सांगायचा होता, आणि त्यासाठी त्यांच्या जवळच्या भाषेत एकच शब्द होता, ‘मुलगा’. तो त्यांनी तुम्हाला दिला.

पण त्या वाक्याचे दोन तुकडे आहेत. ‘मुलगाच आहे’ हा तुम्ही मनाशी जपलात. ‘मुलगी नाही’ हाही तुम्ही रोज ऐकत होतात. दुकानातलं ते स्टूल टिकवायचं तर मुलगी नसणं रोज सिद्ध करायला लागणार, हे सातवीतल्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग बांगड्या नकोत, रांगोळी नको, रडणं नको. यातलं तुम्हाला मुळातच काय आवडत नव्हतं आणि काय नावडतं करून घ्यावं लागलं, हे आज तुम्हालाही नीट सांगता येईल का? मला खरंच माहीत नाही. तुम्ही सावकाश आठवून बघा.

हे आठवताना आणखी एक करा. तुमच्या मूळ पत्राची फुलस्केपची सहा पानं भरली आहेत. वडील पानापानावर आहेत. आईवर एकच वाक्य आहे, ‘आई आता आमच्याकडे असते.’ तुम्ही दुकानात कॉइल भरत होतात तेव्हा ती कुठे होती, काय करत होती, तिला काय येत होतं?

मी हे विचारतेय, कारण मला स्वतःला हे फार उशिरा सुचलं. माझी आई दिवाळीत दारात पंधरा ते आठची ठिपक्यांची रांगोळी काढायची. गेरूने सारवलेला चौकोन. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची. मग वरखाली चौदा, तेरा, बारा असं करत आठपर्यंत, प्रत्येक ठिपका अलीकडच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. पट्टी नाही, कागद नाही. उकिडवी बसून, चिमटीतून रांगोळी सोडत ती मागे मागे सरकायची. मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, किती हा वेळ वाया. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका दिवाळीत मी ते ठिपके कागदावर मांडून मोजले. १६९ भरले. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर पुढची वेल जुळत नाही. मी गणितात वर्गात पहिली यायचे, आणि त्या घरात आणखी कुणी गणित करतंय हे मला कधी दिसलंच नव्हतं.

बायकांनी केलेलं म्हणून एखादं काम हलकं ठरतं आणि हलकं ठरलं की त्याचा मोबदलाही हलका होतो. २०१९ साली केंद्र सरकारने वेळ-वापराची पाहणी केली. जे कोणी घरकाम करतात, त्यांपैकी बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. या २९९ मिनिटांना घरात काम म्हणायचीही पद्धत नाही, ‘ती घरीच असते’ असं म्हणतात. आशाताई आणि अंगणवाडीताई गावोगाव बाळंतिणी, बाळं, लसी सांभाळतात, आणि त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. तुमच्या मनातली बांगड्यांबद्दलची अढी आणि हे मानधन मला एकाच मुळाचं वाटतं, म्हणून हे इथे मांडलं.

आता खुद्द बांगडीकडे येऊ. तिच्यात दुबळं असं काय आहे? पेशवाईतले सरदार भिकबाळी घालायचे, मोत्यांचे कंठे घालायचे. पुण्यात गणपतीत ढोल वाजवणारी मुलं आज पुन्हा भिकबाळी घालतात आणि ती त्यांना रुबाबदार दिसते. लग्नात नवऱ्यामुलाच्या डोक्यावर गुलाबी फेटा चालतो; तोच गुलाबी रंग मुलीच्या दप्तरावर दिसला की आपण नाक मुरडतो. बालगंधर्वांचंच घ्या. त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची, गजऱ्याची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. पुरुषाने उभी केलेली स्त्री ही थोर कला मानली जात होती, त्या काळात रंगभूमीवर खऱ्या बाईने पाऊल टाकलं तर तिला चांगल्या घरची म्हणत नव्हते. म्हणजे वस्तूत काही नाही. ती कुणाच्या अंगावर आहे त्यावर तिची किंमत ठरते.

तुम्ही म्हणाल, बांगड्या ही बायकांना घातलेली बेडीच नाही का? बेडी होतेच, जिथे त्या घालायची सक्ती असते. आणि जिथे त्या काढायची सक्ती असते तिथेही होते. नवरा गेला की बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, ही रीत आपल्याकडे किती घट्ट होती! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून ती बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. तिथल्या बाईसाठी हातात बांगडी राहणं हा तिचा हक्क झाला. तुमच्या मुलीच्या हातातल्या बांगड्या कुणाच्या सक्तीने आल्या नव्हत्या. गेल्या मात्र तुमच्या धाकाने.

म्हणून आवड आणि अढी वेगवेगळी धरा. तुम्हाला बांगड्या आवडत नाहीत ना, नका घालू. हळदीकुंकवाला जायचं नाही, नका जाऊ. कुणासाठी बदलायची गरज नाही, मुलीसाठीही नाही. अढी तिथून सुरू होते जिथे ‘मला आवडत नाही’ याचं ‘आवडणारी ती हलकी’ असं होतं. हे ओळखायची माझी एक खूण आहे. आवड आपल्यापुरती असते, ती शांत असते. अढीला दुसऱ्याला बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

नणंद बोलली, आता आणखी कुणीतरी तुम्हाला ‘बाई हीच बाईची शत्रू’ हे ऐकवेल. ते मनावर घेऊ नका, मला ती म्हण मान्य नाही. रमाबाई रानडे शिकायला लागल्या तेव्हा त्यांना सर्वांत जास्त टोचून बोलल्या त्या घरातल्याच मोठ्या बायका. रमाबाईंनी स्वतः आठवणींत ते लिहून ठेवलं आहे. पण त्या बायकांना घरात मान मिळवायचा एकच रस्ता ठाऊक होता. रीत पाळायची, सोसायचं, आणि म्हातारपणी त्याचा मोठेपणा घ्यायचा. नवी सून तो रस्ता सोडून पाटी-पुस्तकाकडे वळली की आपले पाय फुकटच झिजले असं त्यांना वाटणारच. रस्ता आखणारे मात्र कुठल्याच भांडणात दिसत नाहीत. तुमची जागा वेगळी आहे, वळलेली मुलगी तुम्ही आहात. पण वळलेल्यांनाही मागे राहिलेल्यांबद्दल काहीतरी वाटत राहतं. माया वाटायला त्यांच्याकडे नीट बघावं लागतं, तुच्छतेला तेवढेही कष्ट नाहीत, म्हणून बहुतेक वेळा तीच वाटते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जग असंच आहे तर मुलीला तयार का करू नये? हा मी उडवून लावणार नाही. तुम्ही ज्या शॉप फ्लोअरवर उभ्या राहता तिथे मी कधी उभी राहिले नाही. तुमचा रस्ता चालला, तुम्ही मॅनेजर झालात, हे खरं आहे. पण त्या रस्त्याचा हिशोब पुरा मांडू. बाईपण झाकलं की काम भागतं, असं होतं का? बांगड्या काढल्या की मग आवाज बारीक आहे म्हणतात. आवाज चढवला की कजाग म्हणतात. कडक राहिलं की ‘बाई असून पुरुषी आहे’ म्हणतात. तुमच्या पाठीमागेही काहीतरी म्हणत असतील आणि ते तुमच्या कानावर आलं असेल. किती झाकलं म्हणजे पुरे, हे आपल्या हातात कधीच नसतं. त्यात मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. बाहेरचा माणूस तिला कमी लेखेल तेव्हा ती रागावू शकेल. आईनेच आधी कमी लेखलं असेल तर तिला वाटेल, तो माणूस बरोबरच बोलतोय.

२४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेलं. रेशमी साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या, आनंदाने एकमेकींना भेटणाऱ्या इस्रोमधल्या बायकांचा एक फोटो तेव्हा जगभर फिरला. तुम्हीही पाहिला असेल. लोक थक्क झाले, गजरा आणि मंगळ एकत्र कसे, म्हणून. मग कळलं की फोटोतल्या बायका प्रशासन विभागातल्या होत्या, आणि ‘त्या काय शास्त्रज्ञ नव्हेतच’ असं म्हणून काहींनी हात झटकले. वास्तविक त्या मोहिमेवर रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञ प्रत्यक्ष जबाबदारी सांभाळत होत्याच. मला दोन्ही गोष्टींचं वाईट वाटलं. गजरा माळलेल्या बाईला अक्कल असते याचं आश्चर्य वाटावं, हे एक. आणि त्या कार्यालयात काम करणाऱ्या आहेत असं कळल्यावर त्यांच्या आनंदाचीही किंमत कमी व्हावी, हे दुसरं.

आता करायचं काय?

आधी अप्रेझल दुरुस्त करा. याच आठवड्यात. बाकी सगळ्याला वेळ लागेल, पण यात दुसऱ्या कुणाच्या तरी पगारवाढीचा आणि कायम होण्याचा प्रश्न आहे. एचआरला लिहा की उदाहरण नाही, शेरा मागे घेते, आणि रेटिंग पुन्हा द्या. त्यासाठी तिच्या कामाचे आकडेच घ्या: तिच्या लाइनचं रिजेक्शन, बंद पडलेला वेळ, तिने वेळेत पुरे केलेले रिपोर्ट. मग तिच्या जागी त्याच आकड्यांचा एखादा मुलगा ठेवून बघा. त्याच्याबद्दल ‘गांभीर्य कमी’ लिहिलं असतंत का? ही युक्ती माझी नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती याच रीतीने. बायकांवर लादलेले दोष एकेक हातात घेऊन त्यांनी विचारलं की हे पुरुषांत नाहीत का? आज अप्रेझलचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाने, बाईने आणि पुरुषानेही, हा प्रश्न जवळ ठेवावा.

मशीनजवळ बांगड्या नकोत, हे तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे. फिरत्या शाफ्टला बांगडी काय, ओढणी काय, काहीच चालत नाही. मग तोच नियम तुमच्या लाइनवरच्या मुलांच्या हातातल्या कड्याला, बोटातल्या अंगठ्यांना आणि मनगटावरच्या दोऱ्यालाही लावा. आजपर्यंत त्यांना किती वेळा हटकलंत आणि तिला किती वेळा, हे आठवलंत तर नियम कुठे संपतो आणि अढी कुठे सुरू होते ते तुमचं तुम्हालाच दिसेल. ‘लाडिक’ या शब्दाचंही तसंच. ती हळू बोलते, मऊ बोलते, की खरंच लाडात येऊन काम टाळते? तिसरं असेल तर उदाहरण सापडलं असतं.

त्या मुलीला केबिनमध्ये बोलावून मन मोकळं मात्र करू नका. तुमचा पश्चात्ताप सांभाळायचं काम तिचं नाही. पुढचं चांगलं काम तिला द्या, आणि मीटिंगमध्ये तिचं बोलणं कुणी मधेच तोडलं तर ‘तिला पुरं बोलू द्या’ म्हणा. तुम्ही म्हटलंत तर त्याला वजन असेल.

मुलीचं अधिक नाजूक आहे. तुम्ही आलात की ती बांगड्या काढून ठेवते, या वाक्यापाशी माझं वाचन थांबलं. तुम्ही दुकानात जे शिकलात ते ती आठव्या वर्षी घरात शिकली. आईजवळ जागा हवी तर हे काढून ठेवायचं. तिच्याशी बोला. मोठं भाषण नको. ‘त्या दिवशी मी पोरीसारखी रडू नकोस म्हणाले, ते चुकीचं बोलले. रडणं वाईट नाही आणि पोरगी असणंही वाईट नाही.’ एवढंच, आणि त्यापुढे ‘पण’ लावू नका. ती लगेच गळ्यात पडेल असं धरून चालू नका. काही दिवस ती तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहील. भरपाई म्हणून बाजारातून डबाभर बांगड्याही आणू नका, मुलांना ते कळतं. तिच्याजवळ आहेत त्यातल्या तिला कुठल्या आवडतात आणि का, ते विचारा. उत्तर ऐका.

रोबोटिक्स आणि कोळीनृत्य यांची झुंज लावू नका. दोन्हींतलं एक निवड म्हटलं की एक वरचं आणि एक खालचं होतं. गॅदरिंग झाल्यावर एखाद्या रविवारी तिला कॉइल भरायला शिकवा. बांगड्या घालून भरेल.

एका बाबतीत मात्र सावध राहा, आणि हे नटणाऱ्या प्रत्येक लहान मुलीच्या आईबापांसाठी आहे. नटण्याचा आनंद वेगळा आणि आपण कशा दिसतो याची धास्ती वेगळी. आरशासमोर गाणं म्हणत टिकल्या लावणारी मुलगी खेळतेय, तिला खेळू द्या. ‘मी काळी आहे का?’, ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ असं ती म्हणू लागली, तर तिथे जवळ बसून बोलायला हवं. गोरं करण्याचं आश्वासन देऊन पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेलेल्या त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली गेला, पण तो शब्द अजून आपल्या लग्नाच्या जाहिरातींतून गेलेला नाही. ही धास्ती बाजार घालतो आणि नातेवाईकही घालतात. तिचा दोष बांगड्यांवर टाकू नका.

मुलग्यांच्या आयांचीही पत्रं येतात. मुलगा नाचतो, बाहुलीला अंघोळ घालतो, चटकन रडतो, नवऱ्याला चालत नाही, काय करू? त्यांनाही हेच सांगेन. तमाशातला नाच्या हे किती कसबी पात्र, ते करायला ताल लागतो, विनोदाची जाण लागते, अंगात लवचिकपणा लागतो. आपण त्याच्या नावाची शिवी केली, कारण तो बाईसारखा लचकतो. मुलाला ‘बायकी’ म्हटलं की त्याला स्वतःची लाज वाटते, आणि त्याच वाक्यात शेजारी बसलेल्या बहिणीला तिची किंमत कळते. घरात एवढा एकच शब्द बंद झाला तरी दोघांना फरक पडेल. काही दिवस घरातल्या सगळ्यांनी एकमेकांना टोकायचं ठरवा. चिडून नको, नुसतं ‘हं?’ म्हणायचं. बोलणारा थांबतो.

आणि तुमची आई. त्यांना बसवून ‘मला माफ कर’ म्हणावं असं मी सुचवणार नाही, आपल्या घरांत ते जमत नाही आणि त्यांनाही अवघडल्यासारखं होईल. त्यांना काहीतरी शिकवायला सांगा. तुम्हाला न येणारं, त्यांना येणारं. वडिलांच्या दुकानाच्या दिवसांबद्दल विचारा, पण त्यांच्या बाजूने: तेव्हा तू काय करत होतीस? उधारीच्या वह्या कोण बघायचं? दुकान मंदीत असताना घर कशावर चाललं? उत्तर काय येईल ते मला माहीत नाही, पण कुणीतरी विचारावं म्हणून त्या बरीच वर्षं थांबल्या असतील.

गॅदरिंग कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. अजून व्हायचं असेल तर एक करा. कोळीनृत्याला शिवलेली तयार साडी भाड्याने मिळते, ती आणू नका. आईंचीच एखादी जुनी सुती साडी काढा आणि आईंना नेसवायला सांगा. आठ वर्षांच्या पोरीला मोठ्या बाईची साडी आवरत नाही, कमरेशी बरीच दुमडून घ्यावी लागेल, पिना लागतील, कासोटा दोनदा सुटेल. अर्धा तास तरी जाईल. तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून तुम्ही तिथे बसा आणि पिना हातात द्या.